मोटारीला कंठ फुटतो

मोटार आणि गाणं यांचं लग्न पत्रिका न बघता लागलेलं आहे. गाण्याला शांतता लागते आणि मोटार, मग ती कुठल्याही किमतीची असो, गप्प बसत नाही. गाण्याला संथ, सरळ वीज हवी. मोटारीतली वीज इंजिनाच्या लहरीप्रमाणे वरखाली होते. गाणाऱ्याला बैठक लागते आणि मोटारीत बैठक असते ती फक्त ऐकणाऱ्याला. तरीसुद्धा हा संसार नव्वद वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे, आणि कुठल्याही जुन्या संसाराप्रमाणे तो धुसफुशीवरच टिकून आहे.

पानिपतावर लिहिणारे इतिहासकार आपल्याकडे पुष्कळ झाले. मोडी दफ्तरांत डोळे घालवणारे झाले. पण मोटारीला कंठ कसा फुटला, याचा इतिहास मराठीत लिहायला कुणी बसलेलं मला तरी दिसलं नाही. म्हणून हा प्रांत मी घेतला. तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. माझ्याकडे मोटार नाही आणि मला गाता येत नाही. तेव्हा माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल तरी शंका नसावी.

तर १९३० साली अमेरिकेत शिकागो शहरी पॉल गॅल्विन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा धंदा मोठा मजेचा होता. घरातले रेडिओ तेव्हा बॅटरीवर चालत. ते घरच्या विजेवर चालावेत म्हणून गॅल्विनसाहेब एक पेटी विकत. पुढे थेट विजेवर चालणारे रेडिओच निघाले आणि पेटी पेटीतच राहिली. त्यात मंदी. अशा वेळी मराठी माणूस नोकरी शोधतो. गॅल्विनसाहेबांनी रेडिओ मोटारीत बसवायचं ठरवलं. आपल्या स्टूडबेकर गाडीत त्यांनी तो बसवला आणि रेडिओवाल्यांचं संमेलन भरलं होतं त्या अटलांटिक सिटीपर्यंत गाडी हाकत नेली. संमेलनात गाळा घेतलेला नव्हता, म्हणून गाडी बाहेर उभी केली आणि आवाज मोठा करून ठेवला. येणारेजाणारे थांबले. मागणी नोंदवली गेली. 'मोटर'ला त्या काळच्या ग्रामोफोनच्या नावांतला 'ओला' जोडून 'मोटोरोला' हे नाव झालं. आपल्याकडे 'ओला' हा शब्द पावसाळ्यात आणि दुष्काळाच्या आधी लागतो, तो भाग वेगळा.

याच गॅल्विनसाहेबांची एक गोष्ट सांगतात. कर्ज हवं होतं, म्हणून त्यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत फुकट रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात पॅकार्डने पेट घेतला. कर्ज मिळालं नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मोटारीतल्या संगीताच्या इतिहासात सूर, ताल, लय यांच्याइतकंच महत्त्व फ्यूजला आहे.

ते रेडिओ बसवणं म्हणजे घराला माळा काढण्यासारखं काम होतं. दोन माणसं आणि दोनेक दिवस लागायचे. डॅशबोर्ड उचकटायचा, पायाखालच्या फळ्या कापून त्यात जादा बॅटऱ्या पुरायच्या, छतात एरियल घालायची. एवढं करून गाडी सुरू केली की गाण्याऐवजी तडतडच जास्त ऐकू यायची, कारण इंजिनातली प्रत्येक ठिणगी रेडिओला बातम्यांपेक्षा जवळची वाटे. मग ठिणगीच्या प्लगांना दाबायची सोय करा. जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टने मोटारीचा रेडिओ काढला, त्याचं वजन पंधरा किलो आणि किंमत एका लहान मोटारीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. म्हणजे तीन गाणाऱ्या गाड्यांच्या पैशात चार मुक्या गाड्या येत. अमेरिकेत काही ठिकाणी तर गाडी चालवताना रेडिओ ऐकण्यावर बंदीच घालावी, असे प्रस्ताव आले होते. ड्रायव्हरचं लक्ष उडेल म्हणून. शेजारी बायको बसवण्यावर मात्र बंदी सुचवण्याचं धैर्य कुणाला झालं नाही.

या इतिहासात मी शिरलो त्याला कारण आमचे थोरले बंधू. दादा तारखात्यात होते. उभी हयात त्यांनी कट्ट-कडकट्ट ऐकण्यात घालवली आणि सेवानिवृत्तीनंतर त्यांचा कान हळूहळू उतरत गेला. दादांना ऐकू येत नव्हतं असं नव्हे. हाक ऐकू यायची. दार वाजलेलं कळायचं. पण उतारवयात कानाची वरची पट्टी आधी जाते, आणि स, श, च, त ही मंडळी त्याच पट्टीत राहतात. त्यामुळे वाक्यातले स्वर पोहोचायचे, व्यंजनं वाटेत गळायची. 'साखर संपली' हे दादांपर्यंत 'आअअ अंअई' असं येई आणि ते 'बरं झालं' म्हणत. वहिनी चिडत. आम्ही हसत असू, पण दादांचं गीतरामायण गेलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. रेडिओवर लागलं की ते उठून गॅलरीत जात. चाल ऐकू येते आणि शब्द नाही, हे सोसणं त्यांच्या जिवावर यायचं. कानात यंत्र घालायला मात्र तयार नाहीत. "कानात यंत्र घालून मी आयुष्यभर नोकरी केली. आता पेन्शन घेतोय," हे त्यांचं उत्तर.

२००४ साली पुतण्याने जुनी झेन घेतली. त्यात एक सीडीचा स्टिरिओ बसवला. कंपनीचं नाव सांगत नाही. ती बिचारी एकटीच तसं करते असं नाही. स्टिरिओच्या कपाळावर ठळक अक्षरांत '४ × ५० वॅट' असं लिहिलेलं होतं. दादांना डावीकडच्या पुढच्या सीटवर बसवून पुतण्याने गीतरामायण लावलं. आवाज वाढवत गेला. मागे बसलेल्या वहिनींनी कानांत बोटं घातली, समोरून येणारा रिक्षावाला बाजूला झाला, आणि दादा म्हणाले, "चाल ओळखीची वाटते."

इथे थोडं गणित करणं भाग आहे, कारण या चार गुणिले पन्नासात सगळा इतिहास दडलेला आहे. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. स्टिरिओतला ॲम्प्लिफायर त्याच्यावर जगतो. तेवढ्या व्होल्टात चार ओहमच्या स्पीकरला, त्याची दोन्ही टोकं आळीपाळीने ढकलण्याची युक्ती करूनसुद्धा, कागदावर फार तर पंचवीस वॅट मिळतात आणि प्रत्यक्षात स्वच्छ असे पंधरा ते वीस. बाकीचे तीस वॅट छापखान्यात तयार होतात. त्याच्यापुढे बटण फिरवलं की आवाजाच्या लाटेचा माथा कापला जातो, लाट सपाट होते आणि गाणारा घसा खरवडल्यासारखा वाटू लागतो. मोठा होतो, पण स्पष्ट होत नाही. थोडक्यात म्हणजे दादांशी ओरडून बोलणाऱ्या सगळ्या नातेवाइकांची जी गत, तीच स्टिरिओची.

आता गंमत पाहा. १९३० सालच्या दिवे असलेल्या रेडिओला, म्हणजे व्हॉल्व्हच्या रेडिओला, शंभर-दोनशे व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी होती सहा व्होल्टची. म्हणून आधी त्या फळ्यांखालच्या बॅटऱ्या आल्या आणि थोड्याच वर्षांत 'व्हायब्रेटर' नावाचा एक डबा निघाला. त्यात एक पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरे, सहा व्होल्टांचे तुकडे करी आणि ट्रान्सफॉर्मर ते तुकडे फुगवून देई. गाण्याच्या पाठीमागे हा भुंगा सतत गुणगुणत असे. १९५५ साली फिल्को कंपनीने क्रायस्लरसाठी निव्वळ ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ केला. ट्रान्झिस्टरला बारा व्होल्ट पुरतात. भुंगा मेला. सगळे म्हणाले, सुटलो! आणि जेमतेम दोन दशकांत लोकांना आवाज इतका मोठा हवासा झाला की ते बारा व्होल्ट पुन्हा पुरेनासे झाले. १९७३ च्या सुमारास ॲरिझोनात जिम फॉसगेट यांनी मोटारीसाठी वेगळा, दांडगा ॲम्प्लिफायर करायला घेतला. असल्या ॲम्प्लिफायरच्या पोटात काय असतं? बारा व्होल्टांचे तुकडे करून ते फुगवणारं यंत्र. फक्त आता ते सेकंदाला हजारो वेळा तुकडे करतं आणि आपल्या कानाच्या पलीकडे गुणगुणतं. घरातून हाकललेला भाडेकरू नाव बदलून पुन्हा राहायला यावा, तसा भुंगा परत आला.

मधल्या काळात मोटारीत काय काय वाजवायचा प्रयत्न झाला, ते थोडक्यात सांगतो. १९५६ साली क्रायस्लर गाड्यांत चक्क रेकॉर्ड-प्लेअर आला. चालत्या गाडीत तबकडी फिरे, मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेरे. सुई उडू नये म्हणून ती जोरात दाबलेली. त्यामुळे गाणं ऐकत ऐकत पुसलंही जायचं. काही वर्षांत प्रकरण मिटलं. मग अर्ल मुंट्झ नावाच्या, जुन्या मोटारी विकणाऱ्या आणि स्वतःला 'वेडा' म्हणवून जाहिरात करणाऱ्या गृहस्थाने चार ट्रॅकची टेप आणली. ती पाहून विल्यम लिअर यांनी १९६४ साली आठ ट्रॅकची केली. हे लिअर म्हणजे गॅल्विनसाहेबांच्या पहिल्या मोटार-रेडिओच्या वेळीही हजर असलेले आणि पुढे लिअरजेट विमानं काढणारे. एकाच माणसाने मोटारीला दोनदा कंठ फोडला आणि मधल्या काळात विमानंही उडवून घेतली. आठ ट्रॅकची टेप गाण्याच्या ऐन मध्यावर 'खटक्' करून ट्रॅक बदले. आपल्या शास्त्रीय मैफलीत चहा फिरतो तेव्हा साधारण असंच होतं. शेवटी फिलिप्सने १९६३ साली काढलेली छोटी कॅसेट सगळ्यांना पुरून उरली.

तर टपकीर गल्ली. पुण्यात विजेचं काही बिघडलं तर माणूस टपकीर गल्लीत जातो, आणि काही बिघडलेलं नसलं तरी जातो. तिथल्या एका मेकॅनिकने निदान केलं. "काकांच्या दाराला वेगळा स्पीकर, वेगळा ॲम्प्लिफायर. त्याचा बारीक आवाज वर उचलू. मागच्या लोकांना दुसरा ॲम्प्लिफायर, बेताचा. आणि साहेब, डिकीत बाससाठी तिसरा." हा तिसरा दादांसाठी नव्हता, हे उघड होतं. प्रत्येक धार्मिक कार्यात एक विधी भटजींसाठी असतो, तसा तो पुतण्यासाठी होता.

योजना उत्तम. अडचण एकच. स्टिरिओच्या पाठीमागे ॲम्प्लिफायरला सांगावा धाडायची भोकं होती दोन. एक तांबडं, एक पांढरं. म्हणजे एक जोडी. आणि तोंड उघडून बसलेले ॲम्प्लिफायर तीन. वहिनींनी लगेच ओळखलं, "अहो, आवाज तीन ठिकाणी वाटला तर एकेकाच्या वाट्याला कितीसा येणार? ह्यांच्या वाट्याला पुन्हा तिसरा हिस्साच ना?"

प्रश्न संसारी बाईचा होता आणि बरोबर होता. पण उत्तर त्याहून सुंदर आहे, आणि ह्या सबंध इतिहासात मला काही आवडलं असेल तर ते हेच. आमचं लहानपण वाड्यात गेलं. वाड्यात दोन गोष्टी वाटल्या जात, लाडू आणि बातमी. लाडू तिघांत वाटला की प्रत्येकाला तिसरा हिस्सा मिळतो. बातमी तिघांत वाटली की तिघांनाही अख्खी मिळते, आणि सांगणाऱ्याकडे ती उरतेच. स्टिरिओच्या त्या तांबड्या-पांढऱ्या भोकांतून निघते ती बातमी. 'आता अमुक एवढं थरथरा' एवढाच निरोप. थरथरायची ताकद प्रत्येक ॲम्प्लिफायर आपापली, बॅटरीकडून आणतो. ॲम्प्लिफायरचा कान साधारण दहा हजार ओहमचा, म्हणजे भलताच अल्पाहारी. स्टिरिओचं तोंड समजा दोनशे ओहमचं. ऐकणारा एक असला तर शंभरात दोन भाग वाटेत सांडतात, तीन असले तर पाच-सहा. हा फरक माणसाच्या कानाला कळत नाही. दादांच्या कळण्याचा तर प्रश्नच नव्हता. इंग्रजी वाय अक्षरासारखी एक दुबेळकी वायर बाजारात मिळते, ती दोन ठिकाणी लावली की काम झालं. उलटीकडून मात्र ती लावू नये. एकाने दोघांना सांगणं म्हणजे बातमी. दोघांनी एकाच्या कानात एकदम बोलणं म्हणजे भाऊबंदकी.

लाडवाचं गणित असतं ते पलीकडच्या टोकाला, स्पीकरपाशी. मेकॅनिकच्या हाताखालच्या पोराने पहिल्या दिवशी काटकसर म्हणून एकाच ॲम्प्लिफायरच्या एकाच टोकावर दोन-दोन स्पीकर जोडले होते. चार ओहमचे दोन शेजारी बसवले की दोन ओहम होतात आणि ॲम्प्लिफायरला दुप्पट करंट ओतावा लागतो. पाच मिनिटांत गाडीत वास सुटला. बँकरची पॅकार्ड मला तिथे आठवली. फ्यूज होता म्हणून भागलं.

बातमी वाटली तरी संपत नाही, हे टेलिफोनवाल्यांना फार आधी उमगलं होतं. १९१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टेलिफोन सुरू झाला, तो वाटेत व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर ठेवून. दमलेला आवाज पुढच्या ठाण्यावर ताजातवाना करायचा आणि पुढे धाडायचा. ११ नोव्हेंबर १९२१ रोजी अध्यक्ष हार्डिंग यांचं भाषण झालं वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनला, पण टेलिफोनच्या तारांवरून ते न्यूयॉर्कमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्येही मैदानावर जमलेल्या गर्दीने त्याच क्षणी कर्ण्यांतून ऐकलं. एक तोंड, तीन शहरं, आणि कुणालाही तिसरा हिस्सा नाही. आपल्याकडेही गांधीजी, नेहरू यांच्या सभांची जुनी छायाचित्रं पाहा. मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी असते. नाव अमेरिकन, पेढी मुंबईची आणि मालक सिंधी मोटवाने. एका मायक्रोफोनमागे कर्ण्यांच्या रांगा. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला भाषण पाव हिश्श्याने मिळालं, अशी तक्रार नव्हती. समजलं किती, तो प्रश्न ॲम्प्लिफायरच्या अखत्यारीत येत नाही.

झेनमध्ये तीन ॲम्प्लिफायर बसले. मग सुरू झाल्या निळ्या तारेच्या कुरबुरी. स्टिरिओच्या पाठीमागे एक निळी तार असते. पूर्वी ती आपोआप वर येणाऱ्या एरियलसाठी होती. रेडिओ लावला की एरियलला 'ऊठ' म्हणायचं, बंद केला की 'बस'. ॲम्प्लिफायर आले तेव्हा त्यांनाही उठवायचं काम तिच्याच घराण्याकडे आलं. पण तिच्यात दम तो किती? अर्ध्या अँपिअरहूनही कमी. तीन ॲम्प्लिफायर आणि त्यांचे पंखे हे सगळं तिच्या एकटीवर टाकल्यावर ती घेरी यायला लागल्यासारखी करू लागली. ॲम्प्लिफायर उठत, डुलकी घेत, पुन्हा उठत. मेकॅनिक स्टिरिओच बदला म्हणू लागला.

दादा इतका वेळ फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. गाडीचं दार उघडं होतं. त्यांनी काय चाललंय ते विचारलं. पुतण्याने कागदावर लिहून दाखवलं. दादांनी चष्मा लावून वाचलं आणि एकच शब्द उच्चारला, "रिले."

तारखात्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शंभर कोसांवरून आलेला क्षीण करंट स्वतः काही करू शकत नाही, पण एक लहानशी कळ दाबू शकतो. ती कळ पुढची ताजी बॅटरी जोडून देते. पूर्वी डाकेला टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे जोडत, तोच प्रकार. इंग्रजीतला 'रिले' हा शब्दही त्या घोड्यांच्याच तबेल्यातून आलेला. दादांच्या खात्याने हे १९ व्या शतकापासून केलेलं. मोटारीच्या दुकानात तो रिले अगदी किरकोळ पैशात मिळतो, हॉर्नसाठी, हेडलाइटसाठी. निळ्या तारेने त्याला फक्त डोळा मारायचा, वजन तो उचलतो. 'टक्' असा आवाज होऊन तिन्ही ॲम्प्लिफायर उठले. मेकॅनिकने दादांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

आणि मग आली शिट्टी.

गाडी उभी असताना स्वच्छ. इंजिन सुरू केलं की गाण्याच्या पाठीमागून 'ईऽऽऽ' अशी बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढते, सोडला की उतरते. हिचा जन्म अल्टरनेटरच्या पोटी. मोटारींत १९६० च्या दशकात डायनामो जाऊन अल्टरनेटर आले, आणि त्यांच्या विजेवरच्या बारीक लहरी वाट मिळेल तिथून गाण्यात शिरू लागल्या. पुतण्या, वहिनी, मेकॅनिक, तिघेही त्या शिट्टीने हैराण. मेकॅनिकने वायरी बदलल्या, फिल्टर घातला, देवाचं नाव घेतलं. दादा शांत. ती शिट्टी नेमकी त्यांच्या गेलेल्या पट्टीतली होती. "कसली शिट्टी? कुठाय शिट्टी?" असं म्हणत ते सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ज्याच्यासाठी खटाटोप चाललेला, त्याच्यापुरतं काम केव्हाच झालेलं होतं!

शेवटी पुतण्याने पुन्हा कागद पुढे केला आणि कुठून कुठे काय जोडलंय त्याचं चित्र काढलं. दादांनी ते बराच वेळ पाहिलं. मग कागदावर तीन ठिकाणी बोट ठेवून मेकॅनिकला म्हणाले, "तीन ॲम्प्लिफायरांचे तीन ठिकाणी तीन अर्थ लावलेत तुम्ही. भांडण होणारच. अर्थ एकच ठेवा."

शाब्दिक कोटी करायचा दादांचा स्वभाव नाही. तारखात्यात 'अर्थ' म्हणजे जमीन. ते अर्थिंगबद्दल बोलत होते. मोटारीत विजेचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. पण पत्रा म्हणजे काही एकजीव भूमी नव्हे. डिकीतला पत्रा, दाराजवळचा पत्रा आणि डॅशबोर्डमागचा पत्रा यांच्यात किंचित फरक असतो. आणि त्या पत्र्यातून जेव्हा पन्नास-पन्नास अँपिअर वाहायला लागतात, तेव्हा तो फरकही वाढतो. (घरातला हजार वॅटचा हीटर चार-साडेचार अँपिअरमध्ये भागवतो, मोटारीतल्या बारा व्होल्टांत तेवढ्याच कामाला ऐंशीच्या वर लागतात. म्हणून त्या करंगळीएवढ्या जाड तारा.) तीन ठिकाणी तीन अर्थ, आणि तिघांना जोडणारी ती बातमीची नाजूक तार. मग पत्र्यातला तंटा बातमीच्या तारेतून वाहू लागतो आणि शिट्टी होते. मेकॅनिकने डिकीत एक जागा निवडली, रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला, एकच बोल्ट मारला आणि तिन्ही ॲम्प्लिफायरांचे अर्थ आणून तिथे बांधले. विजेची जाड तार गाडीच्या एका कडेने, बातमीची दुसऱ्या कडेने. बॅटरीपासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज. शिट्टी गेली. मेकॅनिकने दादांच्या पायाला हात लावला. पैसे मात्र ठरलेले तेवढेच घेतले.

दादांना पुढच्या डाव्या सीटवर बसवलं. त्यांच्या ॲम्प्लिफायरचा वरचा आवाज उचललेला, मागच्यांचा बेतात. पुतण्याने तीच सीडी लावली. वहिनी मागे शेंगा सोलत बसल्या होत्या, म्हणजे कानांत बोटं नव्हती. दादा पहिलं कडवं नुसते ऐकत राहिले. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलू लागले. पुतण्या काही बोलणार होता, वहिनींनी मागून त्याच्या खांद्यावर शेंगांचा हात ठेवला. सिंहगड रस्त्यावर आम्ही तीन फेऱ्या मारल्या. पेट्रोल संपत आलं तेव्हा कुणीतरी ते दादांना सांगितलं, आणि त्यांनी ते पहिल्या हाकेत ऐकलं.

झेन पुढे विकली गेली. ॲम्प्लिफायर काही दिवस माळ्यावर होते. पुतण्याच्या नव्या गाडीत डॅशबोर्डभर काच आहे, तिच्या पाठीमागे तांबडं-पांढरं एकही भोक नाही. बातमी आता आकड्यांतून फिरते, आणि बाहेरच्या ॲम्प्लिफायरला ती द्यायची तर स्पीकरच्या तारांतून चोरून घ्यावी लागते. पुतण्या एका सुट्टीत तसं करणार आहे. दादांनी दरम्यान ऐंशी ओलांडली आणि एकाएकी कानात यंत्र घालून घेतलं. हे यंत्र फोनशी बिनतारी बोलतं. तारखात्यातल्या माणसाला ते पटलं असावं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे वाईला निघालो होतो. पुतण्याने फोनवरून गीतरामायण लावलं. गाडीत काहीच वाजेना. त्याने काचेवर इथे टोचून पाहिलं, तिथे टोचून पाहिलं. फ्यूज बघायला पुढच्या पेट्रोल पंपावर थांबू या, असं ठरलं. वहिनी नव्या गाडीला नावं ठेवू लागल्या. दादा डाव्या सीटवर खिडकीबाहेर बघत मान डोलावत होते. फोन त्यांच्या कानांना जोडलेला आहे, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा खंबाटकीचा घाट चढून झाला होता.